कार्याच्या दिवशी नवं काही नाही: रोजच्या डब्यापासून साखरपुड्यापर्यंत

शाळेचा सेंड-ऑफ, कॉलेजातला साडी डे, पहिली मुलाखत, पहिला पगार, मैत्रिणीचं लग्न आणि मग स्वतःचा साखरपुडा. या दिवसांत ऐनवेळी जी तारांबळ उडते तिचं कारण बहुतेकदा एकच असतं. त्या दिवसासाठी म्हणून आणलेली वस्तू त्याच दिवशी पहिल्यांदा अंगाला लागते. कोरं क्रीम रात्री लावलं आणि सकाळी गालावर पुरळ. नवी चप्पल घातली आणि साडीची उंची चुकली. त्यामुळे सुरुवात समारंभापासून करायचीच नाही, रोजच्या शृंगाराच्या डब्यापासून करायची. कार्याला जे लागणार ते निदान दोन आठवडे आधी या डब्यात आलेलं असावं.

रोजचा डबा

नवशिकीला सात वस्तू पुरतात: फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, काजळ, एक लिपस्टिक, खोबरेल तेल आणि पिनांची डबी. बाकीचं हौसेचं. हौस जरूर करावी, पण पहिल्या महिन्याच्या पैशात नको.

फेसवॉश वाटाण्याएवढा, दिवसातून दोनदा. अंगाचा साबण तोंडाला लावला की चेहरा ओढल्यासारखा होतो, कारण त्वचा किंचित आम्ल असते, पीएच ५ च्या आसपास, आणि साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. मुंबईत आणि कोकणात दमट हवेला जेलसारखं हलकं चालतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात आणि नाशिक-पुण्याच्या थंडीत ते अपुरं पडतं, तिथे क्रीम घ्यावं.

सनस्क्रीन हौसेनं विकत घेतलं जातं आणि पुरेसं लावलं जात नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत दोन रेघा काढायच्या, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. वाटाण्याएवढं लावून ‘५० चं लावते तरी काळवंडते’ म्हणण्यात अर्थ नाही. एसपीएफ ३० जवळजवळ ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवतो आणि ५० वाला ९८ टक्के, म्हणजे आकड्यापेक्षा लावण्याचं माप आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावणं महत्त्वाचं. एसपीएफ यूव्हीबीपुरता असतो. डाग पाडणाऱ्या यूव्हीएसाठी शेजारचं ‘पीए’ आणि त्यापुढच्या अधिकच्या (+) खुणा बघायच्या, निदान तीन. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर झिंकवालं सनस्क्रीन राखाडी दिसतं. अशा वेळी रंग मिसळलेलं, टिंटेड घ्यावं. वांगाच्या डागांना तर तेच जास्त उपयोगी पडतं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं.

काजळ पेन्सिलचं घ्यावं आणि वापरण्याआधी टोक काढावं, म्हणजे रोज स्वच्छ भाग डोळ्याला लागतो. ते पसरतं ते उष्णतेपेक्षा तेलामुळे. डोळ्याखाली क्रीम लावून लगेच काजळ ओढलं तर सकाळी अकरापर्यंत डोळे पांडासारखे होतात. आधी डोळ्याखालचा भाग कागदी रुमालाने टिपायचा, चिमूटभर पावडर लावायची, मग काजळ. बाजारातल्या सुरम्यात शिसं असू शकतं, तो नको. मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यायचा, सुकला नसला तरी. डब्याच्या मागे उघड्या बरणीचं छोटं चित्र असतं, त्यातला आकडा उघडल्यानंतरचे महिने सांगतो. उघडल्याची तारीख मार्करने डब्याच्या बुडाला लिहून ठेवली की डोकं चालवावं लागत नाही.

लिपस्टिक मनगटावर लावून बघू नये, तिथली कातडी ओठांच्या रंगाची नसते. बोटाच्या पेरावर लावून बघावी. पहिली घेताना विटकरी, डाळिंबी किंवा मरून यांपैकी एक घ्यावी. आपल्याकडच्या बहुतेक वर्णांवर हे रंग मुलाखतीलाही चालतात आणि हळदीकुंकवालाही. फिक्या गुलाबी छटा काचेखाली सुंदर दिसतात आणि ओठांवर खडूसारख्या.

आता टिकलीबद्दल. रोज एकाच जागी चिकटवलेल्या टिकलीखाली खाज सुटली, कातडी लाल झाली किंवा पांढुरका ठिपका दिसू लागला तर ती लगेच बंद करायची. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते त्वचेचा रंग घालवू शकतं आणि गेलेला रंग परत यायला फार वेळ लागतो. रात्री टिकली आरशाला चिकटवायची आपली सवय या बाबतीत चांगलीच आहे. सोसत नसेल तर जुनी रीत आहे: बोटाच्या टोकाने कपाळावर मेणाचा बारीक ठिपका, त्यावर कोरडं कुंकू दाबायचं आणि उरलेलं फुंकर मारून झटकायचं. ठिपका गोल यायला आठवडाभर हात बसवावा लागतो. चंद्रकोर हवी असेल तर मेण काडीने लावायचं.

डब्यात काय नको? लिंबाचा रस चेहऱ्याला नको, तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. मुरुमावर टूथपेस्ट नको. बिननावाच्या डबीत मिळणारं ‘आठ दिवसांत उजळ’ क्रीम तर अजिबात नको. अशा क्रीममध्ये पारा निघतो आणि पारा मूत्रपिंडाला इजा करतो. मेडिकलमधून कुणीतरी सांगितली म्हणून आणलेली ट्यूब असेल तर तिच्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का ते वाचा. ही स्टिरॉइड्स. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरंच उजळ दिसतो, म्हणून तर ती खपतात. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम फुटतात आणि क्रीम थांबवलं की आग होते. कुणी आधीपासून लावत असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून कमी करत आणावं.

कोणतीही नवी वस्तू डब्यात घेताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावून बघायची. केसांच्या डायला ४८ तासांची चाचणी, दर वेळी, आधी सोसलेला असला तरी. एका आठवड्यात एकच नवी वस्तू. दोन एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं तर कुणाला दोष द्यायचा ते कळत नाही.

पहिली साडी

पहिल्यांदा नेसायला साडी आईच्या किंवा मावशीच्या कपाटातली काढा, आठ-दहा वर्षं धुऊन मऊ झालेली सुती किंवा सुती-रेशमी. कोरी खळ लावलेली सुती साडी फुगते, साटीन घसरतं, ऑर्गन्झाच्या निऱ्या बसतच नाहीत आणि भारी जरीकाठाच्या वजनाने नवख्या हाताची पिन ओघळते. साडी नवी असेल तर फॉल-बिडिंगला आठवडा आधी टाका. सणाच्या तोंडावर शिंपी तीन दिवस सांगतो आणि दहा लावतो. ब्लाउज घालून हात वर करून, खाली बसून बघा. काखेत काचत असेल तर आत शिलाईला मार्जिन सोडलेलं असतं, ते उसवून घेता येतं.

परकर साडीच्या जातीचा. सुती साडीखाली सुती, आणि रंग साडीच्या फिक्या भागाशी जुळणारा. साटीनचा परकर झकास चमकतो आणि निऱ्या खाली सोडून देतो. उंची घोट्यापर्यंत. नाडी बारीक दोरीची नको, रुंद पट्टीची हवी, आणि रोज त्याच जागी आवळायची नाही. वर्षानुवर्षं एकाच रेषेत काचणाऱ्या नाडीखाली जखम होऊन ती चिघळून कॅन्सरपर्यंत गेल्याच्या नोंदी वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या आहेत. एका दिवसाच्या साडीने असं काही होत नाही, पण नोकरीत रोज नेसणारीने लक्षात ठेवावं.

आता गोल साडी नेसायची रीत. पदर डाव्या खांद्यावर येणारी.

१. ज्या चपला घालून जाणार त्या आधी पायात घाला. अडीच इंची टाच नंतर घातली तर साडी अडीच इंच वर जाते.

२. परकर बेंबीच्या रेषेत बांधा. गाठ बाजूला, उजव्या कुशीला. समोर ठेवली तर निऱ्यांखाली गोळा दिसतो.

३. पदर नसलेलं टोक शोधा. फॉल आतल्या बाजूला आणि खाली राहील असं धरा. बेंबीच्या उजवीकडे खोचायला सुरुवात करा, समोरून डावीकडे, पाठीमागून, उजवीकडून पुन्हा समोर, असा एक पूर्ण वेढा. खालचा काठ जमिनीपासून अर्धा इंच वर. वेढा देताना पाय किंचित फाकवून उभं राहा. पाय जुळवून घट्ट वेढा घेतला की जिना चढता येत नाही.

४. निऱ्या घालायच्या आधी पदर लावून घ्या. नवशिक्यांची सगळी गडबड निऱ्या आधी केल्यामुळे होते, शेवटी पदर आखूड पडतो. पदराच्या चार-पाच इंची चुण्या पाडा, काठ वर येईल असं बघा, आणि उजव्या काखेखालून आणून डाव्या खांद्यावर टाका. मागे गुडघ्यापर्यंत किंवा चार बोटं खाली. खांद्यावर पिन, ब्लाउजच्या आतून.

५. छातीवरून उजव्या कुशीकडे येणारा काठ पाठीमागून ताणून डाव्या कमरेपर्यंत आणा आणि तिथे थोडा खोचा. समोर जो झोळ उरला तेवढ्याच्या निऱ्या.

६. निऱ्या पाच ते सात, प्रत्येक साधारण पाच इंच. अंगठा आणि करंगळी ताणून जी वीत होते तिच्या अर्ध्याहून जरा जास्त. वरच्या कडा जुळवण्याआधी वाकून खालच्या कडा जुळवा, कारण बघणाऱ्याला खालच्याच दिसतात. सगळ्या मिळून वर एक पिन लावा आणि बेंबीपासून किंचित डावीकडे खोचा. तोंड डावीकडे. खोचलेला भाग चार बोटं आत जायला हवा, नाहीतर तासाभरात बाहेर येतो.

७. डावीकडे जो फुगवटा राहतो तो मागे दुमडून आत खोचा. ‘चापून चोपून’ म्हणतात ते या शेवटच्या अर्ध्या मिनिटावर ठरतं.

एकूण तीन पिना पुरतात: खांदा, निऱ्या, आणि हवी तर छातीवरच्या पदराला ब्लाउजशी एक. रेशमी साडीला पिन लावताना आधी तिच्यात एक मणी ओवा. तो कापड आणि पिनेच्या गोल डोक्यामध्ये बसतो, धागा अडकून फाटत नाही. पुढे काठ वर आणि मागे खाली लोंबतोय असं दिसलं तर पहिला वेढा तिरका गेलाय, निऱ्या ओढून तो सरळ होत नाही. सोडा आणि तिसऱ्या पायरीपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

घरात निदान तीनदा नेसून बघा आणि प्रत्येक वेळी तासभर वावरा. जिना, रिक्षा, मांडी घालून बसणं आणि स्वच्छतागृह. शेवटचं कुणी शिकवत नाही. पदर गळ्याभोवती घेऊन समोर कमरेत खोचायचा, मग परकर आणि साडी एकत्र खालून गोळा करत कमरेपर्यंत उचलायची. निऱ्यांना हात लावायचा नाही.

नऊवारी हा वेगळा हिशेब. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, परकर नाही, काष्टा मागे. ती शिकायला जाणत्या बाईच्या समोर बसावं लागतं, वाचून जमत नाही. मंगळागौरीला पहिल्यांदाच हवी असेल तर शिवलेली घ्या आणि खुशाल फुगड्या घाला, त्यात कमीपणा काही नाही.

नाक टोचायचं असेल तर

साखरपुड्यात खरी नथ घालायची इच्छा असेल तर निदान सहा महिने आधी टोचा. कानाची पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते, नाकपुडीला चार ते सहा महिने लागतात आणि कानाच्या वरच्या कुर्चेला, म्हणजे बुगडीच्या जागेला, वर्षभरही लागू शकतं. महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत. सोनार तारेने टोचो की स्टुडिओतली मुलगी सुईने, सुई नवीन आणि पाकिटातली आहे, हातमोजे आहेत, एवढं बघायचंच. कानाच्या पाळीची बंदूक नाकाला आणि कुर्चेला नको, ती कापत नाही, चेमटते.

निगा सोपी असते, लोक ती अवघड करतात. मेडिकलमधलं ०.९ टक्क्याचं सलाइन कापसावर घेऊन दिवसातून दोनदा खपली ओली करायची आणि टिपायची. हळद-तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट यातलं काही नको. चमकी फिरवायची नाही. जवळ फोड आला की बायका घाबरतात. बहुतेकदा तो झोपेत उशीवर घासल्याने किंवा चमकी लवकर बदलल्याने येतो आणि हात लावणं थांबवलं की बसतो. ताप, पसरणारी लाली किंवा पिवळा पू दिसला तर मात्र डॉक्टर. आणि चमकी काढून ठेवून ‘उद्या घालू’ म्हटलं तर ताजं भोक एका रात्रीत बुजतं.

टोचायचं नसेल तर दाबाची नथ आहेच. लावण्याआधी नाकावरचं क्रीम आणि फाउंडेशन पुसून घ्या, ती त्यावरूनच घसरते. दोन-तीन तासांनी पाच मिनिटं काढून ठेवायची.

पहिल्या पगारातलं सोनं

छोटी चमकी, कानातली कुडी किंवा बारीक साखळी. खरेदी कितीही लहान असो, तीन गोष्टी बघायच्या: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते, ती दुकानात उभं राहूनच बघायची. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे चमकीवर शिक्का नसला तर लगेच संशय नको, पण पावतीवर कॅरेट लिहून घ्या.

पावतीत सोन्याचं निव्वळ वजन आणि मोती-खड्यांचं वजन वेगळं हवं. नथीत मोती, बोरमाळेच्या मण्यांत लाख. ती सोन्याच्या भावाने तोलली जाऊ नये. घडणावळ टक्क्यात सांगितली तर रुपयांत किती ते विचारा, आणि मोडीला किती कापणार तेही आजच. सोनं न घेता नकली दागिने घेतले तरी हरकत नाही, फक्त कान-गळा खाजतो का बघा, बहुधा निकेल असतं. कातडीला लागणाऱ्या भागावर रंगहीन नेलपॉलिशचे दोन थर दिले की एखादा कार्यक्रम निभावतो.

मेंदी: रंग प्रेमावर नसतो

कार्यक्रम रविवारी असेल तर मेंदी शुक्रवारी. शनिवारी रात्री काढलेली मेंदी साखरपुड्याच्या फोटोत नारिंगी दिसते आणि सोमवारी ऑफिसात झकास रंगलेली. मेंदीच्या पानातलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने पुढचे ४८ तास गडद होत जातं. तळव्याची कातडी जाड म्हणून तिथे सर्वांत गडद, मनगटाच्या वर फिकं. नवऱ्याच्या प्रेमाचा यात काही हात नाही, थट्टा करायला हरकत नाही.

कोन घरी करायचे तर १०० ग्रॅम वस्त्रगाळ पूड, राजस्थानातल्या सोजतची मिळाली तर उत्तम. साखर ३० ग्रॅम, नीलगिरी तेल २० मिली, आणि पाणी किंवा लिंबाचा रस थोडा थोडा, एकूण २५० ते ३०० मिली. घट्ट दह्यासारखं व्हायला हवं. एकदम सगळं पाणी ओतलं की गुठळ्या होतात आणि त्याच पुढे कोनाच्या टोकात अडकतात. वर प्लास्टिक चिकटवून झाका. उन्हाळ्यात सहा-आठ तासांत, थंडीत बारा तासांपर्यंत वरचा थर तपकिरी होतो. तळव्यावर ठिपका ठेवून पाच मिनिटांनी पुसा, स्वच्छ नारिंगी डाग उमटला तर तयार. लगेच लावायची नसेल तर कोन फ्रीजरमध्ये. बाहेर ठेवलेले कोन एक-दोन दिवसांत रंग सोडेनासे होतात, म्हणूनच दुकानात महिनोन्महिने टिकणाऱ्या कोनात मेंदीखेरीज आणखी काहीतरी असणारच.

हात साबणाने धुऊन कोरडे, क्रीम-तेल नाही. वॅक्सिंग आधीच झालेलं. मेंदी सुकायला लागली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने फक्त टेकवायचं, निथळेल इतकं लावलं तर नक्षी पसरते. सहा ते आठ तास ठेवा. मग पाणी न लावता बोथट सुरीने खरवडा, खोबरेल तेल चोळा, आणि पुढचे निदान बारा तास पाण्यापासून लांब. लवंगांची धुरी देतात ती उपयोगी पडते ती उबेमुळे. तव्यापासून हात वीतभर वर.

‘काळी मेंदी, अर्ध्या तासात रंग’ दिसली की उठून जायचं. मेंदीचं पान काळा रंग देत नाही. तो रंग केसांच्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो. त्याने फोड येतात, व्रण राहतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे डायही आयुष्यभर सोसत नाही. जी-६-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना आणि तान्ह्या बाळांना साधी मेंदीही नको, रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.

साखरपुड्याआधीचा महिना

केस कापायचे किंवा रंगवायचे तर दोन आठवडे आधी, म्हणजे बिघडलं तर सावरता येतं. फेशियल शेवटचं सात ते दहा दिवस आधी आणि तेही आधी केलेलंच. ‘नवरीसाठी खास’ म्हणून पार्लरमध्ये जे नवं सुचवतात त्याला गोड बोलून नाही म्हणा. रेटिनॉलचं (अ जीवनसत्त्वाचं) क्रीम लावत असाल तर वॅक्सिंग आणि भुवयांच्या आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर दोऱ्याबरोबर कातडीही सोलते. वॅक्सिंग आणि भुवया तीन दिवस आधी. हळद असेल तर हे अंतर आणखी गरजेचं, ताज्या वॅक्सवर हळद झोंबते आणि भुवयांखाली पिवळा पट्टा उमटतो. हळदीचा पिवळेपणा चेहऱ्यावरून तेलाने निघतो, घासून नाही.

दोन दिवस आधी हनुवटीवर मुरूम उठणारच असं धरून चाला. फोडायचा नाही. रुमालात गुंडाळलेला बर्फ पाच मिनिटं, रात्री हायड्रोकोलॉइडची चिकटपट्टी. न फोडलेला मुरूम मेकअपखाली झाकतो, फोडलेल्याची खपली झाकत नाही.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच सकाळी धुतलेल्या केसांवर पिना टिकत नाहीत. अंबाडा मानेच्या वर, कानाच्या पातळीला: पोनी घट्ट, पीळ देत गुंडाळायचा, यू-पिना बाहेरून केसात आणि मग दिशा वळवून आत. साध्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे असते, बहुतेकजणी उलटी लावतात. मोगऱ्याचा गजरा आदल्या संध्याकाळी आणला तर पाण्यात बुडवू नका, पाकळ्या काळ्या पडतात. ओल्या, पिळून घेतलेल्या सुती कापडात किंवा केळीच्या पानात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. अबोलीला वास नाही पण ती संध्याकाळपर्यंत तजेलदार राहते, म्हणून दोन्ही एकत्र गुंफलेला वळेसर सगळ्यांत शहाणा.

त्या सकाळचा क्रम असा. आंघोळ, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, दहा मिनिटं थांबणं. समोरून उघडणारा शर्ट घालून केस आणि मेकअप, म्हणजे डोक्यावरून काही काढावं लागत नाही. फाउंडेशनची छटा आधीच जबड्याच्या कडेवर उजेडात बघून घेतलेली असावी. वर खूप पांढरी पावडर मारू नका, फ्लॅशमध्ये चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो. मग ब्लाउज, परकर, चपला, साडी. अत्तर मनगटाला आणि कानामागे, साडीवर नाही, जर काळी पडते. अत्तर आणि हेअर स्प्रे उडाल्यावरच मोत्यांची नथ आणि तन्मणी, कारण मोत्याचं पाणी या दोन गोष्टींनीच उतरतं. गजरा शेवटी. लिपस्टिक पर्समध्ये राहू द्या, पेढा भरवून झाल्यावर पुन्हा लावावी लागणार आहेच. सोबत चार सेफ्टी पिना, सुई-दोरा, कागदी रुमाल आणि टिकल्यांचं पाकीट एका मैत्रिणीच्या हातात द्या, पर्स कुठेतरी राहते.

रात्री परतल्यावर मोती आधी काढायचे, मऊ कापडाने पुसून वेगळ्या डबीत. मग गजरा आणि पिना, ओढून नाही, घातल्या त्याच दिशेने. काजळ-लिपस्टिक खोबरेल तेलाने भिजवून कापसाने, नंतर फेसवॉश. साडी घडी करून लगेच कपाटात नको, घामाची ओल जरीला चढते. रात्रभर सावलीत, दोरीवर नाही, पलंगावर पसरून. पैठणी असेल तर जरीवर सरळ इस्त्री नाही, वर सुती कापड ठेवून. सुती पंचात गुंडाळून ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालायची, नाहीतर ती घडीवरच चिरते. पिना मोजून डबीत टाका. तेरा लावल्या असतील तर तेरा निघाल्या पाहिजेत, तेरावी निऱ्यांत अडकून कपाटात गेली की गंजून साडीला भोक पाडते.